अस्सल म्हणजे खरं? नक्कल म्हणजे खोटं?

नाशिकरोडच्या एका वाचकांनी विचारलंय: "पंचवटीतल्या आमच्या उपाध्यायांच्या, यात्रेकरूंच्या नोंदी ठेवायच्या वहीत खापरपणजोबांचा लेख सापडला. काका म्हणाले, अस्सल पुरावा मिळाला! चुलतभावाने वही चाळली आणि म्हणाला, ही तर नक्कल आहे, काय कामाची? इतिहासात अस्सल म्हणजे खरं आणि नक्कल म्हणजे खोटं, असंच धरायचं का?"

नाही. दोघांचंही चुकलंय. त्यातली चुलतभावाची चूक आपण सगळेच करतो, म्हणून आधी नक्कल घेऊ.

दोन्ही शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. 'अस्ल' म्हणजे मूळ, 'नक्ल' म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं आणि त्यावरून उतरवून घेणं. शेवटी असं जोडाक्षर आलं की मराठी जीभ अडखळते. मग आपण मधलं व्यंजन दुप्पट करतो आणि शब्द मोकळा करून घेतो: अक्ल–अक्कल, शक्ल–शक्कल, कत्ल–कत्तल, रक्म–रक्कम. अस्सल आणि नक्कल याच पंगतीतले.

यात खोटेपणा कुठेच नाही. तहसील कचेरीत आपण नक्कल मिळवायला अर्ज करतो, नक्कल फी भरतो, आणि हातात पडलेला कागद कोर्टात चालतो. जुन्या कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असे, म्हणजे मुळाप्रमाणे उतरवलेली. बदनामी केली ती 'नकली'ने. नकली नोटा, नकली दागिने, हिंदी सिनेमातलं असली-नकली हे सगळं कानावर पडून पडून बिचारी नक्कलही त्याच रांगेत जाऊन बसली. खोट्या कागदाला मराठीत 'बनावट' हा चांगला शब्द आहे. नक्कल आपण नक्कल असल्याचं लपवत नाही. बनावट कागद मात्र अस्सलाचा वेश घेऊन येतो.

तो पकडायचा कसा? बहुतेक वेळा त्याच्याच अंगावरच्या खुणांवरून. पेशव्यांच्या शिक्क्यात त्या वेळच्या छत्रपतींचं नाव असे. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, त्यानंतर 'श्री शाहू नरपति'च्या जागी 'श्री राजाराम नरपति' आलं. आता कोणी १७४० ची म्हणून एखादी सनद दाखवली आणि तिच्यावर राजारामाचा शिक्का निघाला, तर पुढचा मजकूर वाचायचे कष्ट वाचले. तसंच राज्याभिषेक शकाचं. तो १६७४ ला सुरू झाला, त्याआधीच्या कागदावर तो दिसला तर लिहिणारा नंतरचा. वतनाच्या भांडणात असे कागद बनवणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

पण मग इतक्या नकला निघाल्या कुठून? याचं उत्तर सनदांच्या शेवटीच लिहिलेलं असतं. इनामाच्या पत्रात अखेरीस साधारण अशा अर्थाचं वाक्य येतं: दरसाल नव्या पत्राचा आग्रह न धरणे, याची तालीक लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन देणे. तालीक म्हणजे प्रत. सरकारी कारकुनाने प्रत दप्तरात ठेवायची आणि मूळ पत्र इनामदाराला परत द्यायचं. म्हणजे रीतीप्रमाणे दप्तरात नक्कल आणि अस्सल मात्र गावातल्या वाड्यात, पेटीच्या तळाशी. (दप्तर म्हणजे हे. पोरांच्या पाठीवरची पिशवी ही त्याची पुढची पिढी.) म्हणूनच इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) सोडवत. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, एकूण खंड २२. त्यांनी शब्द 'साधने' वापरला, 'पुरावे' नाही, हे मला फार आवडतं. साधन वापरून काही करायचं असतं, ते आपलं आपण बोलत नाही.

नक्कल वाईट नाही, पण तिला धोका आहे, आणि तो हेतूचा कमी, हाताचा जास्त. मी मोडी शिकताना एक पत्र उतरवत होतो. एका ओळीच्या शेवटी 'देणे', खालच्या ओळीच्या शेवटीही 'देणे'. नजर वरच्यावरून सरळ खालच्यावर घसरली आणि मधली अख्खी ओळ गेली. अर्थ तरी लागत होता, म्हणून दोन दिवस मला पत्ताच नाही. त्या ओळीत जमिनीचा बिघा होता! माझीच प्रत कोणी पुढे उतरवली असती तर ती जमीन कायमची गेली असती.

आता काकांच्या 'अस्सल'कडे. अस्सल हा कागदाचा गुण आहे, त्यावरच्या मजकुराचा नव्हे. करीना हा प्रकार बघा. वतनाच्या तंट्यात पक्षकार आपल्या घराण्याची हकीकत सांगतो, त्याला करीना म्हणतात. तो कागद शंभर टक्के अस्सल असू शकतो आणि आतली हकीकत शंभर टक्के स्वतःच्या सोयीची. त्या माणसाने तसा दावा केला होता, एवढंच त्यावरून नक्की सिद्ध होतं. दावा खरा होता का, हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागतं.

याचा सगळ्यात सुंदर नमुना आपल्या गावातच आहे. पांडवलेण्यांत (पांडवांचा तिथे काही संबंध नाही, पण तो वेगळा विषय) क्रमांक ३ च्या लेण्यात जा. तिथे एक लेख गौतमी बलश्रीचा आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. तिने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, भरभरून वर्णन केलंय आणि त्यात त्याला क्षहरातांचा, म्हणजे शत्रू राजा नहपान याच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा म्हटलंय. लेख अस्सल, कोणी शंका घेत नाही. पण बोलतेय कोण? आई. मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्यात.

त्याच लेण्यात दुसरा लेख आहे. गौतमीपुत्राने आपल्या १८ व्या राज्यवर्षी, सैन्याच्या तळावरून, गोवर्धन या इथल्याच विभागाच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला (अधिकाऱ्याला) हुकूम पाठवला: पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या भिक्षूंना द्यावं. मूळ पत्र कशावर लिहिलं होतं कोण जाणे, ते केव्हाच गेलं. भिंतीवर आहे ती त्याची दगडात उतरवलेली नक्कल. आणि गंमत म्हणजे राजकीय इतिहासाला ही कोरडी नक्कल आईच्या अस्सल स्तुतीपेक्षा जास्त उपयोगी पडते. उषवदात हा क्षहरात नहपानाचा जावई. त्याची जमीन आता सातकर्णी वाटतोय, म्हणजे मुलूख हातातून हातात गेला होता. हा हुकूम शेत कोणाला मिळावं यासाठी लिहिला गेला, विजय सांगण्यासाठी नाही. विजय त्यातून नकळत सांडलाय.

तरी दोन्ही लेख एकाच घराण्याचे. तिसरा साक्षीदार १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला जमिनीतून वर आला: नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला, खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतोय. शत्रूचा खजिना हातात आल्याशिवाय हे होत नाही. आईने अतिशयोक्ती केली असेल, पण मुळात खोटं बोलली नव्हती.

आता तुमची वही. पंचवटीतले उपाध्याय वह्या जपतात ते यजमान ओळखावा म्हणून. म्हणजे गाव, बापाचं नाव, आजाचं नाव, बरोबर कोण आलं होतं, यात त्यांना खोटं लिहायचं काही कारण नाही. आपण अमक्या सरदाराचे वंशज असं यजमानाने हौसेने सांगितलं असेल, तर ते मात्र करीन्याच्या खात्यात टाका. वह्या ओलीने, वाळवीने जातात, मग पुढच्या पिढीतले गुरुजी त्या नव्या वहीत उतरवून काढतात. त्यामुळे चुलतभावाचं निरीक्षण बरोबर असू शकतं, निष्कर्ष चुकला.

पुन्हा गेलात की एवढं करा. तुमच्या लेखाच्या मागची आणि पुढची चार-चार पानंही बघा. यात्रेकरूंनी स्वतःच्या हाताने लिहिलं असेल तर दर नोंदीला अक्षर बदलेल, शाई बदलेल, कोणाची सही वाकडी, कोणाचं मोडी, कोणाचं बालबोध (देवनागरी). वीस वर्षांच्या अंतराच्या नोंदी एकाच वळणाच्या आणि एकाच शाईच्या दिसल्या तर ती नक्कल. तशी निघाली तर गुरुजींना नम्रपणे विचारा, ही कोणत्या वहीवरून उतरवली, आणि ती जुनी वही अजून माळ्यावर आहे का. कित्येकदा असते.