नाताळची सुट्टी, चार शहरं, दोन मैत्रिणी

प्रश्न: ताई, मी जर्मनीत एमएस करते. नाताळात वर्गातल्या भारतीय मैत्रिणीबरोबर प्राग, व्हिएन्ना, झुरिक आणि डब्लिन करायचंय. तिला रोज नवं शहर हवं, मला एकाच संग्रहालयात दिवस काढायला आवडतो. आमचं जर्मन रेसिडेन्स परमिट सगळीकडे चालेल ना?

उत्तर: डब्लिन खोडून टाक. आयर्लंड युरोपीय संघात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमच्या परमिटवर तिथे जाता येणार नाही, वेगळा व्हिसा लागेल. बाकीच्या तिन्ही ठिकाणी चालेल: जर्मनीबाहेर शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस. मात्र पासपोर्ट आणि परमिट, दोन्ही जवळ हवेत. गाडीत तपासणी होऊ शकते, तिथे फोनमधला फोटो दाखवून भागत नाही. झुरिकच्या आधी मोबाइलचा प्लॅन वाच. स्वित्झर्लंड संघाबाहेर आहे, युरोपीय रोमिंगचा नियम त्याला लागू नाही.

आता खरी अडचण. व्हिएन्नात मुक्काम लांबवा. तू कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगेलची चित्रं बघत बस, तिला ट्रेननं ब्रातिस्लाव्हा बघून येऊ दे. जेमतेम तासाभराची वाट. चोवीस तास चिकटून फिरणाऱ्या मैत्रिणी मला तरी संशयास्पद वाटतात! खोल्यांचे पैसे मात्र निघण्याआधीच वाटून घ्या.