के-मीन्समध्ये (बिंदूंचे जवळच्या केंद्रानुसार गट, म्हणजे क्लस्टर, पाडायची पद्धत) केंद्रं नॅन (NaN, म्हणजे 'संख्या नाही') होतात. लूप ठेवू की नमपाय (पायथनची अ‍ॅरेंवर गणित करणारी लायब्ररी) वापरू?
बहुतेक एखादा क्लस्टर रिकामा पडतोय. रिकाम्या अ‍ॅरेचा मीन (सरासरी) काढला की नमपाय फक्त इशारा देऊन नॅन परत करतं, कोड थांबत नाही. त्यात सर्वांत जवळचं केंद्र शोधणारं आर्गमिन (सर्वांत लहान किमतीची जागा सांगणारं फंक्शन) नॅनलाच सर्वांत लहान धरतं, म्हणून पुढच्या फेरीत सगळे बिंदू त्याच क्लस्टरमध्ये जातात! मीनच्या आधी बिंदू मोजा. शून्य असतील तर स्वतःच्या केंद्रापासून सर्वांत लांबचा बिंदू तिथे केंद्र म्हणून बसवा.

माझं मत, आधी लूपच लिहा. चूक कुठे होते ते प्रिंट करून लगेच दिसतं. मग नमपायमध्ये लिहून, सुरुवातीची केंद्रं तीच ठेवून, दोन्हींची लेबलं (कुठला बिंदू कुठल्या क्लस्टरमध्ये) ताडून पाहा. वेग खूप वाढतो, पण मेमरी सांभाळा: १ लाख बिंदू, १०० केंद्रं, ५० मिती असतील तर ब्रॉडकास्टिंगमधला (लूपशिवाय सगळ्या बिंदू-केंद्र जोड्यांचं एकदम गणित) फरकांचा तात्पुरता अ‍ॅरेच ४ जीबीचा होतो.