स्कूबाचे स्वतःचे साहित्य: घरी काय करावे आणि तंत्रज्ञाकडे काय सोपवावे?

आपण लिहिले आहे की गेल्या डिसेंबरात आपण स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वासाला पुरवणारे यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून पाण्यात तरंगणे सांभाळणारे जॅकेट) घेतली, मालवणला पंधरा-वीस डाइव्ह केल्या आणि आता हे साहित्य पावसाळाभर ठाण्याच्या घरी पडून राहणार आहे. त्याची निगा घरी कशी राखावी, आणि एकाही डाइव्हमध्ये तक्रार आलेली नसताना दरवर्षी सर्व्हिसिंगचा खर्च खरोखर करावा लागतो का, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी तंत्रज्ञ नाही. अकरा वर्षे स्वतःचे साहित्य वापरणारा एक हौशी डायव्हर आहे, आणि पुढे लिहिले आहे त्यातील बरेचसे मी चुका करूनच शिकलो आहे.

सुरुवात मिठापासून करावी लागेल. समुद्राचे पाणी साहित्यावर ओले असते तोवर फारसे बिघडत नाही. ते वाळले की मिठाचे स्फटिक होतात, आणि ओ-रिंगच्या (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कडीच्या) खोबणीत किंवा बटणाच्या दांडीभोवती एकदा बसलेले हे स्फटिक वरवरच्या धारेने निघत नाहीत. त्यामुळे होडीतून उतरल्यावर जेवायला जाण्याआधी साहित्य गोड्या पाण्यात बुडले पाहिजे. आता किनाऱ्यावर ‘गोडे पाणी’ म्हणून जे मिळते तेही तपासून घ्यावे. समुद्रालगतच्या काही विहिरींचे पाणी मुळातच मचूळ असते, आणि दहा-बारा जणांनी आपापले साहित्य बुचकळलेल्या पिंपातले पाणी दुपारपर्यंत खारटच झालेले असते. तेथे बुचकळलेच पाहिजे, पण तेवढ्यावर समाधान न मानता साहित्य ओलसर पिशवीतच घरी आणून कोमट पाण्यात अर्धा तास पुन्हा भिजवावे, असा माझा परिपाठ आहे.

भिजवताना होणारी सर्वांत महागडी चूक फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे रेग्युलेटरचा जो भाग सिलिंडरला जोडतात त्याच्या, तोंडाशी होते. त्या तोंडावरचे झाकण, म्हणजे डस्ट कॅप, कोरडी करून घट्ट बसवल्याशिवाय तो भाग पाण्यात जाता कामा नये, आणि रेग्युलेटरमध्ये दाब नसताना सेकंड स्टेजचे, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचे, हवा सोडणारे पर्ज बटण पाण्याखाली मुळीच दाबू नये, कारण त्याने आतली झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत पोहोचते. शक्य असल्यास रेग्युलेटर सिलिंडरला जोडून, हवा सुरू ठेवूनच धुवावा. मग पाणी आत शिरण्याचा प्रश्नच राहत नाही. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी धातूच्या कणांची एक चिमुकली गाळणी असते, ती अधूनमधून बॅटरीच्या उजेडात पाहावी. ती हिरवट दिसली तर आत समुद्राचे पाणी गेले आहे, तांबूस दिसली तर कुठल्या तरी स्टीलच्या सिलिंडरातील गंज आला आहे, आणि काळपट दिसली तर हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या फिल्टरमधील कोळशाची पूड आलेली असू शकते. यांपैकी कोणताही रंग दिसला तर वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

बीसीडीकडे आपण सर्वच जण दुर्लक्ष करतो, मीही केले. गोव्यात साधारण 14 मीटरवर असताना माझ्या इन्फ्लेटरचे, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या भागाचे, बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकले आणि जॅकेटमध्ये हवा आपोआप भरू लागली. नळीची जोडणी ओढून तोडेपर्यंत आणि दुसऱ्या हाताने हवा सोडेपर्यंत मी तीन-चार मीटर वर खेचला गेलो होतो. त्या क्षणी मला एवढेच आठवत होते की श्वास रोखायचा नाही, कारण वर जाताना फुप्फुसातील हवा प्रसरण पावते. दोष संपूर्णपणे माझा होता. आधीच्या सहलीनंतर मी जॅकेट बाहेरून स्वच्छ धुतले होते, परंतु इन्फ्लेटर पाण्यात धरून त्याची बटणे दाबली नव्हती. तेव्हापासून मी तोंडाने फुंकायच्या भागातून जॅकेटच्या आत गोडे पाणी घालतो, ते खळबळून उलटे करून काढून टाकतो, असे दोनदा करतो, आणि मग जॅकेट अर्धे फुगवून सावलीत टांगतो. पहिल्या वेळी आतून जे खारट, कुबट पाणी निघते ते पाहून आपल्यालाही आश्चर्य वाटेल.

आता सर्व्हिसिंगचा प्रश्न. फर्स्ट स्टेज सिलिंडरमधील सुमारे 200 बार दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार अधिक इतक्यावर आणते. हा मधला दाब. उच्च दाबाची हवा अडवणाऱ्या आतल्या बैठकीवर झिजेची खूण पडली की हा मधला दाब एका जागी न थांबता हळूहळू चढत राहतो. श्वास घेताना आपल्याला काहीच जाणवत नाही. दाब बराच वाढला की मग सेकंड स्टेजमधून हवा सुसू करत निसटू लागते. म्हणून ‘तक्रार आलेली नाही’ हा रेग्युलेटर ठीक असल्याचा पुरावा होत नाही. इन्फ्लेटरच्या नळीला जोडता येणारा एक छोटा दाबमापक मिळतो, तो जरूर घ्यावा. दोन-चार श्वास घेतल्यानंतर काटा स्थिर राहिला तर चांगले. तो सरकत राहिला तर रेग्युलेटर तंत्रज्ञाकडे गेलाच पाहिजे.

याखेरीज सिलिंडर न जोडता, डस्ट कॅप बसवून सेकंड स्टेजमधून हलकेच हवा ओढून पाहावी. काहीच आत येता कामा नये. हवा आली तर पडदा फाटला आहे, मुखपत्रीला (दातांत धरायच्या रबरी तुकड्याला) चीर गेली आहे, किंवा उच्छ्वासाच्या झडपेखाली वाळूचा कण अडकला आहे, आणि त्याच वाटेने समुद्रात पाणी येईल.

मुदतीबाबत आपल्या रेग्युलेटरच्या पुस्तिकेत जे छापले आहे तेच प्रमाण मानावे. काही कंपन्या एक वर्ष किंवा 100 डाइव्ह, यांपैकी जे आधी होईल ते सांगतात. काही कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात आणि मधल्या वर्षी तपासणी करायला सांगतात. साहित्य वापरले नाही तरी मुदत थांबत नाही, कारण दाबाखाली बसून राहिलेली ओ-रिंग चपटी होते आणि रबर वयानेही कडक होते. व्हिडिओ पाहून फर्स्ट स्टेज घरी उघडण्याचा मोह मात्र आवरावा. त्यासाठी लागणारी हत्यारे आणि नेमक्या ताकदीने आवळण्याचे आकडे आपल्याकडे नसतात. सर्व्हिसिंगनंतर बदललेले जुने भाग परत मागावेत आणि मधल्या दाबाचा आकडा लिहून घ्यावा. हे मागितल्यावर ज्याच्या कपाळावर आठ्या पडतात त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही.

सिलिंडर आपण भाड्याने घेत असाल, असे गृहीत धरतो. तरीही त्याच्या खांद्यावर कोरलेली शेवटच्या दाबचाचणीची तारीख वाचावी. आपल्याकडे अशा सिलिंडरांवर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या सरकारी संस्थेची देखरेख असते. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल तर तो सिलिंडर नाकारावा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि 30 मीटरवर त्याचा परिणाम पृष्ठभागाच्या चौपट दाबाने होतो, त्यामुळे कंप्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुराड्यापासून दूर आहे ना, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

पावसाळ्यात ठाण्याची दमट हवा मिठानंतरचा दुसरा शत्रू ठरते. साहित्य पूर्ण वाळल्याशिवाय बंद पेटीत ठेवले तर गणपतीपर्यंत त्यावर बुरशी येते. नळ्यांना घट्ट घड्या न घालता मोठ्या वेटोळ्यात ठेवावे आणि दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून हवा लागू द्यावी. त्या वेळी नळ्यांच्या टोकांवरील रबरी आवरण मागे सरकवून पाहावे. चिरा पडतात त्या तेथेच, आवरणाखाली लपून. सेकंड स्टेजच्या मुखपत्रीवर कापडी पिशवी घट्ट बांधावी, कारण झुरळांना ती जागा फार आवडते. मी हे विनोदाने सांगत नाही.

ऑक्टोबरमध्ये मालवणला निघण्याआधी वरच्या सर्व चाचण्या पुन्हा कराव्यात. रेग्युलेटर नुकताच सर्व्हिसिंग होऊन आला असेल तर त्याच्याकडे अधिक संशयाने पाहावे, कारण उघडून जोडलेल्या यंत्रात चूक राहण्याची शक्यता तेव्हाच असते. पोहण्याच्या तलावात, नाहीतर पाच-सहा मीटरच्या उथळ पाण्यात एक डाइव्ह करावी, आणि हवा सुरू असताना श्वास घेता घेता सिलिंडरमधील दाब दाखवणाऱ्या मापकाकडे पाहावे. प्रत्येक श्वासाला काटा खाली डुचकत असेल तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही किंवा ती चिमुकली गाळणी चोंदली आहे.