आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे आमवात नाही असे समजायचे का?

तुमच्या आईच्या दोन्ही हातांची बोटे तीन महिन्यांपासून सकाळी आखडतात आणि सुजतात, पण आरए फॅक्टर निगेटिव्ह आला आहे. तेव्हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, नाही असे मानायचे का, आणि तो असलाच तर ही तपासणी दर महिन्याला करायची का, असे तुम्ही विचारले आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असेच आहे.

आरए फॅक्टर हे एक प्रतिपिंड, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने तयार केलेले प्रथिन आहे. आमवाताच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ७० जणांच्याच रक्तात ते सापडते. उलट हेपॅटायटिस सी, क्षयरोग, इतकेच काय, काही धडधाकट वृद्धांमध्येही तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी या दुसऱ्या प्रतिपिंडाची तपासणीही साधारण तितकेच रुग्ण पकडते, पण आजार नसलेल्या माणसाला ती सहसा आजारी ठरवत नाही आणि कधी कधी सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच पॉझिटिव्ह येते. ती केली नसेल तर अवश्य करून घ्या. मात्र तीही निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. अमेरिकन आणि युरोपियन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये ठरवलेल्या निकषांत १० पैकी ६ गुण लागतात; या दोन प्रतिपिंडांना मिळून जास्तीत जास्त ३, तर सुजलेल्या व दुखऱ्या सांध्यांना ५ पर्यंत गुण आहेत. त्यामुळे बरेच लहान सांधे धरलेले असले, त्रास सहा आठवड्यांहून जुना असला आणि ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले असले, तर दोन्ही प्रतिपिंडे नसतानाही निदान होऊ शकते. त्रास तापानंतर सुरू झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी अगदी अशीच दिसते.

आमच्याकडे एक बाई चार वर्षांचे आरए फॅक्टरचे रिपोर्ट फाइलमध्ये ओळीने लावून आल्या होत्या. आकडा थोडा वाढला की त्यांची झोप उडत असे, आणि तो खर्च व ती काळजी दोन्ही टाळता आली असती याचे मला आजही वाईट वाटते. हा आकडा आजाराच्या चढउताराबरोबर भरवशाने हलत नाही. त्यासाठी ईएसआर आणि सीआरपी आहेत. ईएसआरमध्ये रक्त उभ्या नळीत तासभर ठेवतात. शरीरात दाह असेल तर तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. पण रक्तक्षय आणि वाढते वय यांमुळेही ईएसआर वाढतो. सीआरपी यकृतात तयार होते आणि दाह ओसरला की काही दिवसांतच उतरते, म्हणून मला ती अधिक उपयोगाची वाटते. आमवातावरचे टोसिलिझुमॅब हे औषध चालू असेल तर मात्र सीआरपीवर विसंबू नये: ते औषध ती थेट दाबून ठेवते, आणि जंतुसंसर्ग झाला तरी आकडा साधाच दिसू शकतो.

आमवातावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झाले, तर रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका. सध्या आईंना लवकरात लवकर संधिवाततज्ज्ञांकडे न्या, आणि त्याआधी दोन-तीन दिवस सकाळी उठल्याबरोबर त्यांच्या बोटांचे फोटो काढून ठेवा, कारण दुपारच्या वेळी डॉक्टरांपुढे बसेपर्यंत सूज बरीच उतरलेली असू शकते.