शेवळं घशाला खाजली, ती का?

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला ठाणे स्टेशनबाहेर एका आदिवासी मावशींकडून शेवळं या रानभाजीची जुडी घेतली. नेहमीसारखी फोडणीला टाकून भाजी केली, तर घरात सगळ्यांच्या घशाला खाज सुटली. उरलेली टाकून द्यावी लागली. आदिवासींना या रानभाज्या कशा सोसतात? लहानपणापासूनची सवय म्हणून का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही हो ताई, सवयीचा काही संबंध नाही. मी जव्हारकडची वारली. नीट केली नाहीत तर शेवळं आम्हालाही खाजतात. सुरणाच्याच कुळातली ती. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक त्यांत असतात आणि तेच घशाला टोचतात.

त्या मावशींकडे जुडीशेजारी हिरव्या, आंबट फळांचा वाटा होता का? ती काकडं. शेवळं वर येतात तेव्हाच काकडाच्या झाडाला फळं धरलेली असतात. माझी आजी शेवळाचं वरचं आवरण सोलायची, आतल्या दांड्याचा बुडाकडचा पिवळा दाणेदार भाग काढून फेकायची आणि उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायची. काकडं ठेचून, उकळून त्यांचं पाणी गाळून त्यात ओतायची आणि भाजी पार मऊ होईपर्यंत चुलीवरून उतरवायची नाही. मध्येच कुणी चाखायला हात घातला की ओरडायची. काकडं मिळाली नाहीत तर चिंच चालते, पण हात आखडता घेऊ नका.

कडूकंद या रानातल्या कंदाला तर याहून जास्त खटाटोप. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो कडूपणा जातो. घरातलं धान्य संपलेल्या पावसाळ्यात कितीतरी घरं या कंदावर जगली. म्हणून ‘आदिवासी काय, पालापाचोळाही खातात’ असं कुणी म्हटलं की मला फार लागतं. काय खायचं, कोणता भाग टाकायचा, कशात शिजवायचं, हे सगळं आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे.

केव्हा खायचं, तेही ठरलेलं. पहिल्या पावसानंतर कोळीची भाजी उगवते, तुमच्याकडे तिला फोडशी म्हणतात. ती आधी देवाला दाखवायची, मगच घरात शिजवायची. भाताचंही तसंच, ‘नवं’ म्हणजे नव्या पिकाचा सण केल्याशिवाय नवा तांदूळ तोंडात घालत नाहीत. माझ्या मते यामुळे कोवळ्या रोपांना वाढायला वेळही मिळतो.

ऑगस्टमधल्या रानभाजी महोत्सवात शेवळं शोधू नका, तोवर त्यांचा हंगाम उलटलेला असतो. पुढच्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या सुमारास त्या मावशींना गाठा, जुडीबरोबर काकडं मागून घ्या आणि ‘तुम्ही घरी कशी करता’ एवढं विचारा. उभ्या उभ्या सगळं सांगतील. कडूकंद मात्र पुस्तकात वाचून करायला जाऊ नका. तो करणाऱ्या बाईच्या शेजारी बसूनच शिका.