मुदतवाढीची ऑर्डर आणि फौजीची झोप

"मॅडम, दहा वर्षं काढली की पर्मनंट करावंच लागतं ना?" सरकारी कार्यालयात कंत्राटी लिपिक झालेले माजी सैनिक हा प्रश्न हमखास विचारतात. सातारा जिल्ह्यातल्या एका हवालदारांची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

17 वर्षं नोकरी करून ते पेन्शनवर आले आणि 11 महिन्यांच्या ऑर्डरवर लिपिक म्हणून लागले. मुदत संपत आली की पहाटे तीनलाच जाग, दिवसभर चिडचिड. वहिनींनीच त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी आणलं. बोलताना कळलं, की स्वतःच्या मुदतवाढीची टिपणीही तेच टाइप करायचे. 'सदर कर्मचाऱ्याची सेवा समाधानकारक आहे' हे स्वतःच टंकायचं, नस्ती, म्हणजे फाइल, साहेबांपुढे ठेवायची आणि सही कधी होते याची वाट बघायची. सीमेवर पहारा दिलेल्या माणसावर दरवर्षी ही वेळ यावी, याचा मला राग येतो.

आधी दहा वर्षांचा समज दूर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानुसार, नुसतं कंत्राटावर राहिल्याने कायम होण्याचा हक्क मिळत नाही. दहा वर्षांचा उल्लेख त्यात आहे, पण तो मंजूर, रिक्त पदांवर तेव्हा दहा वर्षं भरलेल्यांसाठी, एकदाच करायच्या उपायापुरता. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांना आणि माळ्याला त्याच न्यायालयाने कायम केलं, उमादेवी निकालाची ढाल पुढे करू नका असंही सरकारी खात्यांना बजावलं. म्हणून प्रत्येक ऑर्डर, हजेरीपटाची प्रत जपून ठेवायचीच. पण मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज यांचं गणित त्या आशेवर मांडायचं नाही.

त्यांची दुसरी भीती होती, "माझा माजी सैनिकाचा कोटा या नोकरीत संपला." ती खोटी निघाली. केंद्राच्या नियमांनुसार, कधीही काढता येईल अशी कंत्राटी किंवा हंगामी नोकरी केल्याने हा लाभ जात नाही. महाराष्ट्रात गट-क आणि गट-ड पदांवर माजी सैनिकांना 15 टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण आहे. वयातून लष्करी सेवेची वर्षं वजा होतात, वर 3 वर्षांची सूट. 44 वर्षांच्या या माणसाने फॉर्म भरणंच सोडून दिलं होतं!

मग महिन्याचा हिशेब मांडला. पेन्शन आयुष्यभराची, दवाखान्यासाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. नोकरी गेली तरी चूल बंद पडणार नव्हती, हे त्यांनाही दिसलं. तरी चेहरा उतरलेलाच. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एकदा वर्दी उतरवली. आता टेबलपण गेलं, तर गावात काय सांगू?" खरं दुखणं हे होतं, आणि त्यावर कुठला जीआर निघत नाही. पुढच्या भेटींत आम्ही यावरच बोलत राहिलो. पलटणीतले जुने सोबती, गावातली भरतीची तयारी करणारी पोरं, असं टेबलाबाहेरचं बरंच काही हळूहळू बोलण्यात आलं.

वहिनींना एकच सांगितलं होतं: संध्याकाळी दारातच "ऑर्डर आली का?" विचारू नका. त्यांनी ते पाळलं.

मुदतवाढ या वर्षीही रेंगाळली. त्या दिवसांत हवालदार मराठी टायपिंगच्या क्लासला जात होते, कारण लिपिक-टंकलेखक पदाला मिनिटाला 30 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. फॉर्म भरला आहे, परीक्षा व्हायची आहे.