लहान कर्जाने गरिबी हटते का?

तुम्ही विचारलंय की बांगलादेशच्या ग्रामीण बँकेबद्दल वाचून तुम्हाला दरमहा थोडी रक्कम गरिबांना लहान कर्ज देणाऱ्या एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेला द्यावीशी वाटते, तर द्यावी का. कर्जाचा उपयोग होतो, पण अगदी तळातल्या घरापर्यंत ते सहसा पोचतच नाही.

मी बचत गटांच्या बैठकांना नेहमी असते. कर्ज काढताना बायका एकमेकींच्या जबाबदार असतात, एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा. त्यामुळे जिच्याकडे ना जमीन ना जनावर, तिला गटात घ्यायला सगळ्या कां कू करतात. तीही दारातूनच म्हणते, "मला नको बाई, हप्ता कुठनं भरू?" दोन्हीकडचं बरोबरच आहे.

लहान कर्जाने काय फरक पडतो याचा हैदराबादच्या १०४ वस्त्यांत नीट अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा ५२ वस्त्या निवडून तिथे सूक्ष्मकर्ज, म्हणजे हेच लहान कर्ज, आधी सुरू केलं. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढवला, काहींनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या. पण माणशी मासिक खर्चात वाढ दिसली नाही, मुलांच्या शिक्षणातही फरक पडला नाही.

आता बांगलादेशातलीच दुसरी गोष्ट. तिथल्या 'ब्रॅक' या संस्थेच्याही हे लक्षात आलं होतं की सगळ्यात गरीब बायका कर्जाच्या वाटेलाच जात नाहीत. म्हणून २००२ पासून त्यांनी वेगळी योजना चालवली. गावाला बसवून सगळ्यात गरीब घरं कोणती ते ठरवायचं. त्या घरातल्या बाईला गाय किंवा शेळ्या द्यायच्या, फुकट. जनावर दूध देईपर्यंत ते विकावं लागू नये म्हणून काही महिने खर्चीला पैसे. बचतीचं खातं. आणि दोन वर्षं कार्यकर्ती नियमित घरी येणार: शेळीला लस दिली का, पोराला ताप का आला, बचत किती झाली. माझ्या मते या योजनेचा जीव या येण्यातच आहे.

हीच पद्धत पुढे इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरूमध्ये तपासली गेली. त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले: योजना संपून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी घरांचं खाणंपिणं आणि मिळकत सुधारलेली होती. होंडुरासमध्ये मात्र अनेकांनी कोंबड्या घेतल्या आणि त्या रोगाने मेल्या. आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादमध्ये दहा वर्षांनीही फरक टिकून होता. हे काम महाग पडतं, हे खरं. माणसं लागतात.

कर्जाने मुलांच्या शिक्षणात फरक पडला नाही हे वर आलंच, तेव्हा शाळेचं काम वेगळं करावंच लागतं. ब्रॅकने १९८५ पासून एका खोलीच्या, एका शिक्षिकेच्या शाळा त्यासाठीच काढल्या.

तेव्हा पैसे जरूर द्या, पण आधी संस्थेला विचारा की जिला हप्ता भरणं शक्य नाही तिच्यासाठी तुम्ही काय करता, आणि पैसे दिल्यावर तिच्या घरी कोण जातं, किती दिवस जातं. यावर नेमकं सांगता येत नसेल तर दुसरी संस्था बघा.